कुजणारे इलेक्ट्रॉनिक्स: गोव्यात करून पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुजणारे इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काम संपल्यावर मातीत किंवा पाण्यात विरून जाणारी उपकरणे. हे प्रश्न मुख्यतः प्रकल्प करणारे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि कुळागरात (पोफळीच्या बागेत) किंवा भाजीच्या मळ्यात स्वस्त सेन्सर लावू पाहणारे लोक विचारतात. समजायला सोपे जावे म्हणून सगळीकडे एकच वस्तू धरली आहे: मातीतला ओलावा मोजणारी, एका हंगामापुरती पट्टी.

म्हणजे उद्या मोबाइल मातीत पुरला की त्याचे खत होणार?

नाही. मोबाइलला पाच-सात वर्षे टिकायचे असते, त्यात काच, तांबे, लिथियमची बॅटरी आणि डझनभर धातू असतात. त्याच्यासाठी दुरुस्ती, जुना विकणे आणि शेवटी नोंदणीकृत रिसायकलर हाच रस्ता. कुजणारे इलेक्ट्रॉनिक्स कामाचे ठरते ते तीन अटी एकत्र येतात तिथे: वस्तूचे आयुष्य थोडे, ती विखुरलेली, आणि परत गोळा करणे परवडत नाही. शेतातला सेन्सर, माशांच्या खोक्यावरची तापमान-पट्टी, पार्सलचा टॅग, शरीरात काही दिवस ठेवायचे वैद्यकीय उपकरण, असल्या वस्तू.

मग ई-कचऱ्याच्या डोंगरावर याचा कितीसा परिणाम?

आज तरी नगण्य. संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरनुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. त्यात वजन असते ते घरगुती यंत्रांचे आणि स्क्रीनचे. आपल्या पट्टीचे वजन काही ग्रॅम. पण वस्तूंमध्ये चिपा बसवायची लाट आली आहे, आणि रोजच्या वापराच्या फेकाऊ वस्तूंमध्ये त्या शिरल्या की त्या कधीच गोळा होणार नाहीत. काम त्या येऊ घातलेल्या कचऱ्यासाठी आहे. प्रकल्पाच्या अहवालात ‘ई-कचऱ्याची समस्या सुटेल’ असे लिहू नका, परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

सिलिकॉनची चिप कुजते का?

कुजत नाही, पण अतिशय पातळ असेल तर पाण्यात विरघळते. सिलिकॉनची पाण्याशी अभिक्रिया होऊन सिलिसिक आम्ल आणि हायड्रोजन तयार होतो. इलिनॉय विद्यापीठातले जॉन रॉजर्स आणि टफ्ट्स विद्यापीठातले सहकारी यांनी २०१२ मध्ये रेशीम, मॅग्नेशियम आणि नॅनोमीटर जाडीचे सिलिकॉन वापरून विरघळणारे परिपथ दाखवले ते याच जोरावर.

अडचण जाडीची आहे. शरीरातल्यासारख्या द्रवात हा वेग दिवसाला काही नॅनोमीटर असतो. ५ नॅनोमीटर धरला तर वर्षाला साधारण १.८ मायक्रॉन. बाजारातल्या चिपेतले सिलिकॉन शेकडो मायक्रॉन जाड. ३०० मायक्रॉनला एका बाजूने दीडशेहून जास्त वर्षे. वरून ती इपॉक्सीत बंद असते, म्हणजे पाणी तिथवर पोचतच नाही. तेव्हा बाजारातली चिप वापरणार असाल तर ती परत काढून घ्यायची सोय ठेवा.

ती सोय कशी करायची?

पट्टीचे दोन भाग करा. डोके आणि शेपटी म्हणू.

डोक्यात चिप, बॅटरी आणि रेडिओ, हे सगळे नेहमीच्या छोट्या बोर्डावर, जमिनीच्या वर. शेपटी १५ सेंटीमीटर लांब, ३ सेंटीमीटर रुंद, मातीत जाणारी आणि तिथेच राहणारी. दोन्ही जोडायला स्टीलची क्लिप. सोल्डर नको, डिंक नको. हंगाम संपला की डोके काढायचे, पुढच्या वर्षी नवी शेपटी लावायची. याला ‘पूर्ण जैवविघटनशील’ म्हणता येत नाही, पण प्रामाणिक रचना हीच आहे. डोके फुकटचे नसते, त्यामुळे शेतकरी ते आठवणीने काढून ठेवतो, हाही फायदा.

शेपटीचा पाया कशाचा करावा?

नेहमीच्या हिरव्या बोर्डात काचेचे धागे आणि इपॉक्सी असते. ते शतकभर तसेच राहील. पर्यायांवर बाहेर बरेच काम झाले आहे. ऑस्ट्रियातल्या लिंझ येथे २०२२ मध्ये रेशी अळंबीच्या सालीवर परिपथ केले गेले; ती साल २०० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता सोसते. ब्रिटनमधल्या जिवा मटेरियल्सचा सोल्युबोर्ड वनस्पतींच्या धाग्यांचा असतो आणि सुमारे ९० अंशांच्या पाण्यात त्याचे थर सुटतात, मग वरचे भाग गोळा करता येतात.

इथे सहज जमणारा पाया म्हणजे सुती हातकागद, त्यावर कायटोसानचा (कोळंबीच्या सालांपासून मिळणाऱ्या पदार्थाचा) थर. पोफळीच्या झावळीचे बूड, ज्याच्या ताटल्या-वाट्या करतात, तेही चालते, पण त्याची जाडी सारखी नसते आणि पाणी शोषून ते वाकडे होते. डोक्याच्या खोक्याला ते वापरा, शेपटीला नको.

कायटोसानचे प्रमाण, २० × ३० सेंटीमीटरच्या एका ट्रेसाठी:

- कायटोसान पूड ५ ग्रॅम (डीअसिटायलेशन, म्हणजे सालीतल्या कायटिनचे कायटोसान होण्याचे प्रमाण, ८० टक्क्यांच्या वर असलेली)
- १ टक्का असेटिक आम्ल २५० मिली. यासाठी ४ टक्के असे लेबल असलेले पांढरे सिंथेटिक व्हिनेगर ६२ मिली आणि पाणी १८८ मिली
- ग्लिसरीन १ ग्रॅम

पूड थोडी थोडी टाकत ढवळा आणि रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी मलमलीतून गाळा, बुडबुडे निघेपर्यंत तासभर स्वस्थ ठेवा, मग हातकागद ट्रेमध्ये अंथरून त्यावर ओता. ४० ते ४५ अंशांवर वाळवा. कायटोसानचा थर साधारण ६० मायक्रॉन येतो. स्वयंपाकघरातले माडाचे व्हिनेगर मात्र सोरपोतेलपुरतेच ठेवा. त्याची तीव्रता बाटलीगणिक बदलते आणि गाळही असतो.

थर वाळला, पण पाणी लागताच बुळबुळीत होऊन सुटतो. काय चुकले?

बहुतेक जण इथेच अडकतात. वाळलेला थर अजून कायटोसान असिटेट असतो, आणि तो पाण्यात फुगून विरघळतो. त्याला उदासीन करावे लागते. १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा (पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी नाही, हातमोजे आणि चष्मा हवाच), त्यात थर १० मिनिटे बुडवा, मग पीएच पट्टी ७ दाखवेपर्यंत साध्या पाण्याने धुवा. धुतल्यावर चौकटीला चिमटे लावून ताणून वाळवा. मोकळा वाळवलात तर आकसतो आणि सुरळी होते.

कडक होऊन तडकत असेल तर ग्लिसरीन कमी पडले. चिकट वाटत असेल तर जास्त झाले, किंवा पावसाळी हवेत उघडे राहिले. धुताना ग्लिसरीनचा काही भाग निघून जातो, त्यामुळे शेवटच्या पाण्यात चमचाभर ग्लिसरीन घालावे.

कोळंबीच्या सालांपासून कायटोसान घरी करता येईल? इथे तर साले ढिगाने मिळतात.

करू नका. सालांतले कॅल्शियम काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रथिने काढायला कॉस्टिक, आणि शेवटी ४० ते ५० टक्के तीव्रतेचा उकळता कॉस्टिक लागतो. तो डोळ्यात उडाला तर डोळा जातो. उरलेले दूषित पाणी नाल्यात सोडले तर कचरा कमी करायला निघालेल्या प्रकल्पाने कचरा वाढवला असे होईल. तयार पूड घ्या.

वाहक शाई कशी करायची?

फर्निचर पॉलिशवाले वापरतात ती चपडा लाख घ्या. १० ग्रॅम लाख ४० मिली आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवा आणि गाळा. त्यात २० ग्रॅम बारीक ग्रॅफाइट पूड आणि ३ ते ४ ग्रॅम कार्बन ब्लॅक घालून खलात गुठळी उरणार नाही इतके घोटा. नुसत्या ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांना नीट टेकत नाहीत; मधल्या फटी कार्बन ब्लॅक भरतो. ते जास्त झाले तर शाई लापशीसारखी घट्ट होते आणि जाळीतून उतरत नाही. स्क्रीन-छपाईच्या जाळीतून दोन हात द्या, दोन्हींच्या मध्ये पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा स्टोव्ह शेजारी नको. आणि ढगाळ दमट दिवशी लाख पांढरट पडते, हे पॉलिशवाला तुम्हाला आधीच सांगेल.

ग्रॅफाइट कुजत नाही. कोळशासारखे मातीत पडून राहते, कोणाला त्रास देत नाही. अहवालात हे स्पष्ट लिहा.

एलईडी लागतच नाही. शाई खराब आहे का?

शाई बहुधा ठीक असेल, अपेक्षा जास्त आहे. लाख-कार्बनची चांगली शाई मीटरला १००० सीमेन्सच्या आसपास वाहकता देते. तांबे त्याच्या पन्नास हजार पटींहून चांगले. १० सेंटीमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद, ५० मायक्रॉन जाड रेघेचा रोध हिशेबाने १००० ओहम येतो. त्यातून ५ मिलिअँपिअर न्यायचे म्हटले तर रेघेतच ५ व्होल्ट खर्च होतात. एलईडीला उरणार काय?

हीच रेघ १० मिलिमीटर रुंद केली की रोध २०० ओहमवर येतो. ओलावा मोजायला हे पुरते. पट्टी मोजते ती धारिता (कपॅसिटन्स), म्हणजे दोन वाहक रेघांमध्ये विद्युतभार साठवण्याची क्षमता: ती वाढवणारा परावैद्युत स्थिरांक पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, म्हणून ओल वाढली की धारिता वाढते. मात्र १०० पिकोफॅरड धारितेपुढे १००० ओहम बसला तर १.६ मेगाहर्ट्झच्या पुढे शाईच तुमचे मोजमाप खाऊन टाकते. अरुंद रेघ आणि उच्च वारंवारता हे दोन्ही एकदम मागू नका.

खाजन जमिनीत (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतात) उलटी अडचण येते. तिथल्या खारेपणामुळे कमी वारंवारतेवर मीठच पाणी म्हणून मोजले जाते, मानशीतून (बांधातल्या झडपेतून) खारे पाणी आत आले की आकडा उडी मारतो आणि माती होती तेवढीच ओली असते. अशा ठिकाणी वारंवारता वाढवायला हवी, म्हणजे शाई सोडून धातूकडे जायला हवे. काहीही वापरलेत तरी मातीचा नमुना १०५ अंशांवर २४ तास वाळवून, आधी-नंतरच्या वजनाशी पट्टीचा आकडा जुळवून घ्या. दुसऱ्याच्या शेतातले कॅलिब्रेशन उपयोगाचे नाही.

धातू कोणता? तांब्याची पट्टी तर सहज मिळते.

तांबे आणि चांदी दोन्ही टाळा. दोन्ही जंतुनाशक आहेत. ज्या सूक्ष्मजीवांनी पट्टी कुजवायची त्यांनाच ते मारतात. चांदीची शाई वापरून ‘कंपोस्टेबल सेन्सर’ म्हणणारे प्रकल्प दिसतात, त्यांची कीव येते.

मॅग्नेशियम छान विरघळते, पण आपल्या हवेत फार लवकर. जस्त मधले आहे. ५० मायक्रॉनचा जस्ताचा पत्रा ब्लेडने कापा, १० मिलिमीटर रुंद आणि १२ सेंटीमीटर लांब दोन फिती, लाखेने चिकटवा. वर लाखेचा पातळ थर. लाख अल्कलीत विरघळते आणि आम्लात टिकते. गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून शेपटी इथे बरी तगते. नुकताच चुना घातलेल्या वाफ्यात ती लवकर उघडी पडेल.

जस्ताने माती बिघडणार नाही?

हिशेब करू. दोन फितींत मिळून सुमारे ०.८६ ग्रॅम जस्त. हेक्टरी १०० पट्ट्या लावल्या तर ८६ ग्रॅम. भाताला जस्ताची कमतरता असल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट देतात, त्यात पाच किलोच्या आसपास जस्त असते. म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. पण हे हेक्टरचे सरासरी गणित झाले. पट्टीभोवतीच्या किलोभर मातीत ०.८६ ग्रॅम म्हणजे ८६० मिलिग्रॅम, आणि हे पुष्कळ आहे. दरवर्षी त्याच खळग्यात नवी शेपटी रोवू नका. पाण्यातल्या जिवांना जस्त बाधते, म्हणून मत्स्यतळीत किंवा खाडीत ही पट्टी नको.

जस्ताला सोल्डर बसत नाही.

बसवूही नका. शिशाशिवायचे नेहमीचे सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळते, बिस्मथ-कथिलाचे १३८ ला. कायटोसान आणि लाख दोघांनाही ते जास्तच. क्लिपच्या दाबाने जोडा. जस्तावर पांढऱ्या बुरशीसारखा दिसणारा थर आला की संपर्क तुटतो, म्हणून जोडाच्या जागेवर कार्बन शाईचा एक हात द्या.

पाण्याच्या थेंबावर चालणारी कागदी बॅटरी वापरता येईल?

स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने २०२२ मध्ये दाखवलेली तीच. मिठात भिजवून वाळवलेला कागद, एका बाजूला जस्ताची शाई, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइटची. दोन थेंब पाणी पडले की मीठ विरघळते, २० सेकंदांत सुमारे १.२ व्होल्ट मिळतात. ग्रॅफाइटची बाजू हवेतला ऑक्सिजन वापरते. अशा दोन घटांवर एलसीडीचे गजराचे घड्याळ चालले. एलईडीवर चाचणी घेऊन निराश होण्यापेक्षा तुम्हीही घड्याळच लावा.

गोव्यात ही बॅटरी पाकिटातच मरते, आणि कारण सरळ आहे. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. जून ते सप्टेंबर इथली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तेच इथे घडते: कोणी थेंब न टाकता घट चालू होतो आणि जस्त संपते. पोटॅशियम क्लोराइड ही मर्यादा ८४ टक्क्यांवर नेते, पोटॅशियम सल्फेट ९७ वर. सल्फेट सर्वांत सुरक्षित, पण क्लोराइड नसले की जस्तावर थर बसून विद्युतधारा घटते. आमचे मत पोटॅशियम क्लोराइडला, १० टक्के द्रावणात, आणि घट सिलिका जेलसह बंद पाकिटात. खताच्या दुकानातले लालसर म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात लोह असते.

दोन घट जोडताना मधल्या कागदाला मेण पाजा. न पाजल्यास मिठाचे पाणी एका घटातून दुसऱ्यात सरकते आणि शॉर्ट होतो.

पावसाळाभर टिकायला काय लेप द्यावा?

सगळा खेळ इथे आहे. कुजणारी वस्तू करणे सोपे. जूनमध्ये न कुजता नोव्हेंबरात कुजणारी करणे कठीण.

शेपटीवर लाख, आणि जमिनीलगतच्या मानेवर मधमाशीचे मेण. सर्वांत आधी मान सडते, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, ७० ते ७५ ला ठेवा, थेट आचेवर नाही, गरम पाण्यात भांडे ठेवून. पट्टी आधी ६० अंशांवर दोन तास वाळवा. कागदात ओल राहिली तर तिची वाफ बुडबुडे होऊन बाहेर पडते आणि प्रत्येक बुडबुड्याच्या जागी सूक्ष्म छिद्र राहते. पहिली बुडी, थंड होऊ द्या, दुसरी बुडी दोन सेकंदांत. जास्त ठेवलीत तर पहिला थरही वितळून जातो. टोकदार कोपऱ्यांवर मेण पातळ होते, म्हणून कोपरे कातरून गोल करा.

छिद्र शोधायला मान मिठाच्या पाण्यात बुडवा, मल्टिमीटरचे एक टोक पाण्यात, दुसरे जस्ताच्या उघड्या टोकाला. काहीही मेगाओहम दिसले तर छिद्र आहे. पडद्यावर अनंत राहायला हवा.

एकाच दिवशी केलेल्या दहा पट्ट्याही एकाच आठवड्यात मरत नाहीत. किती पट्ट्या मुदतीआधी बंद पडल्या ते मोजा आणि शेतात तेवढ्या जास्तीच्या लावा.

थ्रीडी प्रिंटरची पीएलए प्लास्टिकची वायर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली असते. खोके तिचे केले तर?

ते लिहिणे औद्योगिक कंपोस्टपुरते खरे आहे, जिथे ढीग ५८ अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे तापलेला असतो. आपल्या परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात पीएलए वर्षानुवर्षे तसेच राहते. शिवाय ५५ ते ६० अंशांना ते मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवून बघा.

कुजले की नाही, हे कसे सिद्ध करायचे?

तुकडे वजन करून जाळीच्या पिशवीत, १० ते १५ सेंटीमीटर खोल पुरा; २, ४, ८ आणि १२ आठवड्यांनी काढा, हलके धुऊन वाळवून पुन्हा वजन करा. शेजारी त्याच वजनाचे सुती कापड पुरा. बारा आठवड्यांत कापडच कुजले नाही, तर दोष तुमच्या पट्टीचा नसून त्या मातीचा.

जाळी बारीक छिद्रांची आणि स्टीलची घ्या. जांभ्या जमिनीत वाळवी कागद नेते, वजन शून्यावर येते आणि विद्यार्थी आनंदाने ‘शंभर टक्के विघटन’ लिहितात. वजन घटणे म्हणजे विघटन नव्हेच. तुकडे पडूनही घटते. खरे विघटन मोजतात ते बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून, आयएसओ १४८५५ मध्ये तेच आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागते. घरी करण्यासारखी आणखी एक चाचणी: कुजलेल्या मातीचे पाणी आणि साध्या मातीचे पाणी, दोन्हींत वीस-वीस मूग भिजवून मोड आणि मुळांची लांबी ताडून पाहा.

विकायची झाली तर परवानगी लागेल?

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ‘कुजणारे आहे’ म्हणून सूट मिळेल असे धरून चालू नका. शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम वगैरेंना ०.१ टक्का आणि कॅडमियमला ०.०१ टक्का ही मर्यादा आहे. स्वस्त जस्तात शिसे आणि कॅडमियम सापडते, तेव्हा पत्र्याचा शुद्धता-दाखला मागा. बॅटरीला वेगळे नियम आहेत. आणि लेबलवर कंपोस्टेबल किंवा बायोडिग्रेडेबल प्लास्टिक म्हणायचे असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आधी, विक्री नंतर.

वापरून झालेली शेपटी ओल्या कचऱ्यात टाकली तर चालेल?

नको. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करतात, तिथे हवेविना विघटन होते. मेण पाजलेला कागद आणि जस्त तिथे कामाचे नाही. वेचणाऱ्या माणसाला तो नुसता काळा तुकडा दिसेल आणि बाजूला काढावा लागेल. शेतात लावलेली शेपटी शेतातच राहू द्या. प्रयोगात फसलेल्या, कधीच न पुरलेल्या शेपट्यांचे जस्त सोलून भंगारात द्या, कागद खत-खड्ड्यात. डोक्याचा बोर्ड आणि बॅटरी मात्र पंचायतीच्या किंवा पालिकेच्या ई-कचरा संकलनात, वेगळ्या पिशवीत, बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून.